थांबणाऱ्या कॅमेऱ्याच्या बाजूने

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला २६ जणांची हत्या झाली आणि त्यानंतर चारच दिवसांनी केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने वृत्तवाहिन्यांसाठी सूचना काढली की, संरक्षणविषयक कारवाया आणि सुरक्षा दलांच्या हालचाली थेट दाखवू नयेत. कारगिल, कंदाहार आणि मुंबईवरचा २६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला यांचे दाखले त्या सूचनेत होते. त्यावर जो वाद झाला तो अशा प्रत्येक वेळी होतो तसाच झाला. देशाच्या सुरक्षेपुढे वाहिन्यांच्या हक्कांचे कौतुक कशाला, असे एक बाजू म्हणाली. ही गळचेपीची सुरुवात आहे, असे दुसरी म्हणाली. दोन्ही बाजू एकमेकींवर तुटून पडल्या, पण एक गोष्ट दोघींनीही न तपासता धरून चालली होती, ती म्हणजे दाखवायचे तर ते त्याच क्षणी दाखवायचे, नाहीतर दाखवायचेच नाही. माझ्या मते या वादातली खरी चूक इथे आहे. हल्ला चालू असताना सुरक्षा दलांची हालचाल, अडकलेल्या माणसांचा ठावठिकाणा आणि हल्लेखोरांचा आवाज या तीन गोष्टी थेट प्रक्षेपित करण्याचा हक्क कोणत्याही वाहिनीला नाही. त्याच वेळी, या गोष्टींचे चित्रण करणे, ते जपून ठेवणे आणि कारवाई संपताच लोकांपुढे मांडणे हे वाहिन्यांचे कर्तव्य आहे आणि त्यात सरकारने आडवे येता कामा नये. किती वेळ थांबायचे हे ठरवण्याचा अधिकारही एकट्या मंत्रालयाकडे असता कामा नये.

मुंबईच्या त्या साठ तासांबद्दल आपण बोलतो, तेव्हा बहुतेक वेळा, थेट प्रक्षेपणाने हल्लेखोरांना मदत झाली, या ऐकीव आरोपापाशी थांबतो. सर्वोच्च न्यायालयाने मात्र २९ ऑगस्ट २०१२ रोजी अजमल कसाबच्या अपिलावर निकाल देताना या प्रक्षेपणाची स्वतंत्र दखल घेतली. दहा हल्लेखोर आणि सीमेपलीकडून त्यांना फोनवर सूचना देणारे त्यांचे सूत्रधार यांच्यातली संभाषणे न्यायालयापुढे होती. त्यांतून दिसले ते असे की, सूत्रधार आपले दूरचित्रवाणी संच लावून बसले होते आणि पडद्यावर जे दिसेल ते ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाऊसमधल्या आपल्या माणसांना सांगत होते. खोलीत कोंडून घेतलेल्या हल्लेखोराला बाहेरच्या रस्त्यावर काय चालले आहे ते दिसत नव्हते. त्याला डोळे नव्हते आणि ते आपण पुरवले. हॉटेलला आग लावा, असा तगादा त्यांच्यामागे फोनवरून लावला जात होता, कारण ज्वाळा साऱ्या जगाच्या पडद्यावर दिसायला हव्या होत्या. म्हणजे कॅमेरा समोर घडणारे टिपत होता एवढेच नव्हे, तर काय घडावे हेही कॅमेरा तिथे आहे म्हणून ठरत होते.

२८ नोव्हेंबरच्या सकाळी एनएसजीचे जवान हेलिकॉप्टरमधून दोराने नरिमन हाऊसच्या गच्चीवर उतरले आणि ते दृश्य देशाने थेट पाहिले. मीही पाहिले. तीन दिवस आमच्या घरातला टीव्ही बंद झाला नव्हता. आई पोळीचे पीठ मळता मळता परातीसकट बाहेरच्या खोलीत येऊन बसली होती आणि एकेक जवान गच्चीला लागला की मोठ्याने मोजत होती. त्या मोजण्यात काळजी होती, प्रार्थना होती. पण तेच मोजणे आणखी कोणी तरी, आणखी कुठे तरी, वेगळ्या कारणासाठी करू शकत होते, हे तेव्हा आमच्यापैकी कोणाच्या मनातही आले नाही. त्याच इमारतीत त्या दिवशी हवालदार गजेंद्र सिंग यांना वीरमरण आले.

इथे मला सावधपणे बोलले पाहिजे, कारण प्रक्षेपणाविरुद्ध बोलणारे नेमके याच जागी घसरतात. थेट प्रक्षेपणामुळे अमुक जवान गेला, असे कोणीही सिद्ध केलेले नाही. सर्वोच्च न्यायालयानेही तसे म्हटलेले नाही. प्रक्षेपणामुळे सुरक्षा दलांची प्रत्यक्ष हानी झाली की नाही हे सांगता येणार नाही, परंतु त्यांचे काम त्यामुळे अधिक धोक्याचे आणि अधिक अवघड झाले, असा न्यायालयाचा निष्कर्ष आहे. मला नैतिकदृष्ट्या तेवढे पुरे वाटते. रूळ ओलांडणारा प्रत्येक माणूस गाडीखाली येत नाही, म्हणून रूळ ओलांडणे निर्धोक ठरत नाही. आणि इथे तर रूळ ओलांडणारा एक आणि गाडीखाली येण्याची शक्यता दुसऱ्याच्याच वाट्याची. स्वतःचा जीव धोक्यात घालून बातमी आणणाऱ्या वार्ताहराबद्दल मला आदर आहे. पण स्टुडिओत बसून दुसऱ्याचा जीव पणाला लावण्याची परवानगी कोणत्या पत्रकारितेने दिली?

शिवाय असे होऊ शकते हे कळायला मुंबईची गरज नव्हती. ५ सप्टेंबर १९७२ रोजी म्युनिकच्या ऑलिम्पिक ग्राममध्ये पॅलेस्टिनी बंदूकधाऱ्यांनी इस्रायली खेळाडूंना ओलीस धरले, तेव्हा खेळांसाठी आणलेले सगळे कॅमेरे त्या एका इमारतीकडे वळले. खेळाडूंचे ट्रॅकसूट घातलेले जर्मन पोलीस छपरांवरून पुढे सरकत असल्याचे चित्र त्या कॅमेऱ्यांतून थेट जात होते आणि ज्या खोल्यांत ओलीस होते तिथेही दूरचित्रवाणी संच होते. हल्लेखोरांनी आपल्यावर होऊ घातलेली कारवाई स्वतः पडद्यावर पाहिली आणि ती कारवाई सोडून द्यावी लागली. अकरा इस्रायली खेळाडू आणि प्रशिक्षक त्या प्रकरणात गेले. पुढे विमानतळावर झालेल्या संहाराला जर्मन पोलिसांची अननुभवी आणि विस्कळीत आखणी कारणीभूत होती, हे खरेच आहे, पण छपरावरची संधी कशामुळे हातची गेली याबद्दल शंकेला जागा नाही. म्युनिक आणि मुंबई यांच्यात ३६ वर्षांचे अंतर आहे. त्या काळात कॅमेरे हलके झाले, थेट प्रक्षेपणाच्या ओबी व्हॅन गल्लीबोळात शिरू लागल्या, वाहिन्या शेकड्यांनी वाढल्या. धडा मात्र जिथल्या तिथे राहिला.

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा. मुंबईत त्या रात्री शासनयंत्रणा कोलमडली होती आणि ते आपल्याला कॅमेऱ्यामुळे कळले. लाठ्या आणि जुन्या रायफली घेऊन पोलीस स्वयंचलित बंदुकांसमोर उभे होते. हल्ला बुधवारी रात्री सुरू झाला आणि एनएसजीचे जवान मुंबईत पोहोचायला गुरुवारची पहाट उजाडली. घटनास्थळांभोवती धड कडे नव्हते. नरिमन हाऊसच्या आसपास बघ्यांची गर्दी घोषणा देत होती. अधिकृत माहिती देणारा एक अधिकारी ठराविक वेळी समोर येतो आहे, असे चित्र कुठेच नव्हते. मग वार्ताहरांनी करायचे काय होते? त्यांना कोणी मागे हटवले नाही, कोणती रेषा आखून दिली नाही, काही सांगितले नाही. पुढे केंद्रीय गृहमंत्री, राज्याचे गृहमंत्री आणि मुख्यमंत्री अशा तिघांना पदे सोडावी लागली, त्यामागे लोकांनी जे डोळ्यांनी पाहिले त्याचा रेटा होता. मुख्यमंत्री ताजची पाहणी करायला एका चित्रपट दिग्दर्शकाला बरोबर घेऊन गेले, हे कॅमेरा नसता तर आपल्याला कधी कळले असते का? हा मुद्दा मी पूर्णपणे मान्य करतो. त्या रात्री कॅमेरे नसते, तर सरकारने आपल्या चुकांवर पांघरूण घातले असते, असे मानायला भरपूर जागा आहे.

पण हा मुद्दा नेमके काय सिद्ध करतो? कॅमेरा तिथे असायला हवा होता, हे सिद्ध करतो. त्यातले चित्र त्याच सेकंदाला कराचीपर्यंत पोहोचायला हवे होते, हे त्यातून निघत नाही. मुख्यमंत्र्यांची ताजमधली भेट कारवाई संपल्यानंतरची होती. ती थेट दाखवली काय किंवा तासाभराने दाखवली काय, परिणाम तोच झाला असता. पोलिसांच्या हातातल्या जुन्या रायफली चार दिवसांनी दाखवल्या म्हणून नव्या झाल्या नसत्या. उत्तरदायित्वाला पुरावा लागतो आणि पुरावा टिकतो. घाई फक्त स्पर्धेला लागते.

या हल्ल्याची सर्वांत मोलाची पत्रकारिता थेट नव्हतीच. एका मुंबईकर वृत्तपत्राचे छायाचित्रकार सेबॅस्टियन डिसूझा गोळीबाराचा आवाज ऐकून कार्यालयातून समोरच्या सीएसटी स्थानकात धावले आणि उभ्या गाडीच्या डब्यांचा आडोसा घेत त्यांनी हल्लेखोरांची छायाचित्रे काढली. पाठीवर पिशवी आणि हातात रायफल घेतलेला कसाब जगाला माहीत झाला तो त्या छायाचित्रातून. ते छायाचित्र त्या क्षणी कोणालाही दिसले नाही. ते छापले गेले, मग न्यायालयात पुरावा म्हणून दाखल झाले आणि डिसूझा यांनी साक्षीदार म्हणून जबानी दिली. उशिरा दिसले म्हणून त्याचे मोल कणभरही कमी झाले नाही, आणि ते काढताना हल्लेखोराला कसलीही मदत झाली नाही. ज्या दिवशी वाहिन्या आपल्या स्वातंत्र्याचे समर्थन करताना या छायाचित्राचे उदाहरण देतात, त्या दिवशी त्या नकळत माझीच बाजू मांडत असतात.

थेट प्रक्षेपणाने त्या तीन दिवसांत आपल्याला नक्की काय दिले, याचाही हिशेब मांडायला हवा. सीएसटीवर फलाटावर बसलेली, गावाकडच्या गाडीची वाट पाहणारी साधी माणसे मोठ्या संख्येने मारली गेली. हल्लेखोर तिथून निघून गेल्यामुळे कॅमेरेही निघाले. त्यानंतरचे दोन-अडीच दिवस पडद्यावर होता तो ताजचा घुमट आणि त्यातून निघणारा धूर. कोणते मरण जास्त महत्त्वाचे, हे असे ठरले: जिथे गोळीबार अजून चालू होता ते महत्त्वाचे, जिथे तो संपला ते मागे पडले. थेट कॅमेऱ्याला जे घडून गेले त्यात रस नसतो. जे अजून घडायचे आहे त्याची तो वाट पाहतो. आणि वाट पाहताना पडदा रिकामा ठेवता येत नाही, म्हणून तो अंदाजांनी भरला जातो. हल्लेखोर किती आहेत, याचे आकडे दर तासाला बदलत होते. २८ तारखेला सीएसटीवर पुन्हा गोळीबार सुरू झाल्याची बातमी वाहिन्यांवर आली आणि धास्तावलेल्या शहरात पळापळ झाली; ती बातमी खोटी होती. एका हिंदी वाहिनीने तर आत असलेल्या हल्लेखोरांचे फोनवरचे बोलणे प्रसारित केले. माणसे मारण्याच्या मधल्या वेळात त्यांना आपली बाजू मांडायला व्यासपीठ मिळाले. लोकांना माहिती मिळण्याचा हक्क आहे, असे म्हणताना यातल्या कोणत्या माहितीबद्दल आपण बोलत असतो?

त्याच रात्री खरे थेट प्रक्षेपण कसे असते, हेही एका माणसाने दाखवले. विष्णू झेंडे सीएसटीवर उद्घोषक होते. उपनगरी गाड्यांच्या फलाटांवर नजर असलेल्या आपल्या केबिनमधून त्यांनी रक्त आणि बंदुका पाहिल्या. एरवी गाडीची वेळ आणि फलाटाचा क्रमांक सांगणारा ध्वनिक्षेपक त्यांनी उघडला आणि मुख्य दालनाकडे जाऊ नका, फलाट क्रमांक एककडच्या मागच्या फाटकाने बाहेर पडा, असे ते हिंदीतून आणि मराठीतून पुन्हा पुन्हा सांगत राहिले. येणाऱ्या लोकलमधून उतरणारी माणसे त्या आवाजामागून वळली आणि वाचली. हल्लेखोरांनी केबिनच्या दिशेने गोळ्या झाडल्या, तरी ते तिथून हलले नव्हते. झेंडे यांनीही जे दिसले ते तत्क्षणी सांगितले. मग त्यांच्यात आणि वाहिन्यांत फरक काय? फरक असा की, त्यांचा प्रत्येक शब्द धोक्यात असलेल्या माणसाला उद्देशून होता आणि त्याच्या उपयोगाचा होता. कुठे जाऊ नये, कोणता रस्ता बंद आहे, जखमींना कोणत्या रुग्णालयात नेले, नातेवाइकांनी कोणत्या क्रमांकावर फोन करावा, ही माहिती क्षणाचाही उशीर न करता गेलीच पाहिजे. तिच्यावर कोणी बंदी घालू पाहील, तर मी वाहिन्यांच्या बाजूने उभा राहीन. २८ नोव्हेंबरला मुंबई पोलिसांनी केबलचालकांना वृत्तवाहिन्या सरसकट बंद करायला लावल्या आणि थोड्याच वेळात तो आदेश मागे घ्यावा लागला. त्या काळ्या पडद्याच्या वेळात आमच्या इमारतीच्या जिन्यात शेजारी जमले होते आणि प्रत्येकाजवळ वेगळी बातमी होती. तसला अंधार हा उपाय नव्हे.

दुसरा आक्षेप काळाचा आहे. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. वाहिन्यांना थांबवले तरी समोरच्या गॅलरीतला मुलगा फोनवरून सगळे दाखवणारच, मग हा नियम म्हणजे चाळणीत पाणी भरणे नव्हे का? या आक्षेपात तथ्य आहे. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ माणसे मारणाऱ्याने फेसबुकवरून स्वतःच ते थेट दाखवले. त्याला वाहिनीची गरजच पडली नाही. परंतु त्या प्रकरणाचे तपशील पाहिले तर वेगळेच काही दिसते. ते प्रक्षेपण चालू असताना पाहणारे दोनशेहूनही कमी होते. पुढच्या चोवीस तासांत फेसबुकला त्या चित्रफितीच्या सुमारे १५ लाख प्रती काढाव्या किंवा अडवाव्या लागल्या. म्हणजे खुन्याला खरा प्रेक्षक मिळवून दिला तो नंतर ती पुढे पाठवणाऱ्यांनी. ज्याच्याकडे पोहोच आहे त्याची जबाबदारी त्यामुळे वाढते. गॅलरीतल्या मुलाच्या थरथरत्या चित्राला लांब पल्ल्याची भिंगे नसतात, नकाशे नसतात, शेजारी बसून ‘आता कमांडो डाव्या बाजूने जातील’ असे सांगणारा निवृत्त अधिकारी नसतो. आणि सामान्य माणूस ऐकतच नाही, हेही खरे नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये ब्रुसेल्समध्ये छापे चालू असताना पोलिसांनी त्यांविषयी काही न लिहिण्याचे आवाहन केले, तेव्हा बेल्जियमच्या लोकांनी समाजमाध्यमांवर मांजरांची चित्रे टाकून ते सारे माध्यम भरून टाकले. पोलिसांनी नंतर त्यांचे आभार मानले. विश्वासाने सांगितले तर लोक ऐकतात. वाहिन्यांनीही ऐकावे, अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे का ठरावे?

भाबडेपणा वेगळ्या ठिकाणी आहे, आणि तो म्हणजे प्रत्येक संपादकाच्या सद्सद्विवेकावर सगळे सोपवणे. संपादक वाईट असतात, असे मला म्हणायचे नाही. एकाने कॅमेरा वळवला की त्याचा प्रेक्षक रिमोटचे बटण दाबून शेजारच्या वाहिनीवर जातो. टीआरपीचे आकडे येतात तेव्हा ज्याने संयम पाळला त्याला शिक्षा झालेली असते आणि ज्याने मोडला त्याला बक्षीस. अशा व्यवस्थेत संयम हा एकट्याने पाळायचा सद्गुण उरत नाही. तो सगळ्यांनी एकाच वेळी पाळायचा नियम असला तरच टिकतो. पश्चिम जर्मनीने हे १९८८ च्या ऑगस्टमध्ये अनुभवले. ग्लाडबेक शहरात बँक लुटून माणसांना ओलीस धरणारे दोन गुन्हेगार देशभर फिरत राहिले आणि पत्रकार त्यांच्यामागे. कोलोन शहरात भर बाजारपेठेत त्यांच्या मोटारीला पत्रकारांनी गराडा घातला, ओलीस मुलीच्या मानेला पिस्तूल लावलेले असताना मुलाखती घेतल्या आणि एक पत्रकार तर शहराबाहेरचा रस्ता दाखवायला त्यांच्याच मोटारीत बसला. दोन तरुण ओलीस त्यात मारले गेले. त्यानंतर तिथल्या वृत्तपत्र परिषदेने, घटना चालू असताना गुन्हेगारांच्या मुलाखती घ्यायच्या नाहीत, असा नियम आपल्या संहितेत घातला. आपल्याकडेही मुंबईनंतर काही आठवड्यांतच वाहिन्यांच्या संघटनेने अशीच मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली होती: ओलिसांशी वा हल्लेखोरांशी थेट संपर्क नको, कारवाईचे तपशील नकोत. कागदावर ती आजही वाचण्याजोगी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने मात्र २०१२ मध्ये कडक शब्दांत म्हटले की, माध्यमांचे नियमन केवळ आतूनच व्हावे, या युक्तिवादाचे मुंबईच्या वार्तांकनाने मोठे नुकसान केले आहे.

मग नियम सरकारने करावा आणि सरकारनेच राबवावा? इथे मी दुसऱ्या बाजूला जातो, आणि इतिहासाचा आधार घेऊन जातो. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला. टिळकांनी ‘केसरी’त त्यावर लिहिले, बॉम्ब का पडतात याची चिकित्सा करून दडपशाहीचे उपाय टिकाऊ नाहीत, असे सरकारला सुनावले. सरकारने बॉम्ब फेकणारा आणि बॉम्बवर लिहिणारा यांच्यात फरक केला नाही. टिळकांना सहा वर्षांसाठी मंडालेला पाठवले आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये छापखाने जप्त करण्याची मुभा देणारा कायदाही केला. सुरक्षेचे कारण सांगून घेतलेला अधिकार सुरक्षेपुरता राहत नाही, याचे याहून जवळचे उदाहरण मराठी माणसाला द्यावे लागू नये. लोकशाही सरकारेही याला अपवाद नाहीत. ब्रिटनने ऑक्टोबर १९८८ मध्ये शिन फेन आणि उत्तर आयर्लंडमधल्या इतर काही संघटनांच्या प्रतिनिधींचा आवाज प्रसारित करायला बंदी केली. वाहिन्या चित्र दाखवत आणि नटाकडून तेच शब्द बोलून घेत. अशी बंदी सहा वर्षे चालली आणि तिने हिंसा थांबवली, असे कोणी म्हणणार नाही.

सरकारी माहितीवरच अवलंबून राहण्याचा प्रश्न तर मुंबईने फार आधी पाहिला आहे. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे गेली. तेव्हा खासगी वृत्तवाहिन्या नव्हत्या. मुख्यमंत्री शरद पवार यांनी दूरदर्शनवरून बोलताना, प्रत्यक्षात न झालेला आणखी एक स्फोट मुस्लिम वस्तीच्या मशीद बंदर भागात झाल्याचे सांगितले. स्फोट हिंदू वस्त्यांतच झाले, असे चित्र उभे राहून दंगली पुन्हा भडकू नयेत, हा त्यांचा हेतू होता आणि तो त्यांनी पुढे स्वतःच उघडपणे सांगितला. दोन महिन्यांपूर्वीच्या दंगलींची राख अजून गरम होती. त्या संध्याकाळी त्या खुर्चीत असतो तर मी काय केले असते, ते मला ठामपणे सांगता येत नाही. पण हेतू चांगला असतानाही राज्यकर्ता खोटे बोलू शकतो, हे त्यातून कळते; आणि हेतू चांगला नसेल तेव्हा काय? त्या स्फोटाच्या जागी जाऊन पाहणारा स्वतंत्र वार्ताहर म्हणूनच हवा. त्याने पाहिलेले लगेच सांगायचे की दंगलीचा धोका टळल्यावर सांगायचे, एवढाच प्रश्न त्याच्यापुढे असावा. सांगूच नये, असे त्याला कोणी बजावता कामा नये.

मार्च २०१५ मध्ये केबल नियमांत जी दुरुस्ती झाली ती या कसोटीला उतरत नाही. दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण करायचे नाही आणि कारवाई संपेपर्यंत नेमलेला अधिकारी वेळोवेळी जे सांगेल तेवढेच द्यायचे, असा तो नियम आहे. त्याच्या पहिल्या अर्ध्या भागाशी मी सहमत आहे. दुसऱ्या अर्ध्या भागात मात्र कसलेही बंधन सरकारवर नाही. अधिकाऱ्याने किती वेळाने बोलले पाहिजे, कारवाई संपली हे कोणी जाहीर करायचे, ती महिनाभर चालू आहे असे म्हटले तर काय, यावर नियम गप्प आहे. शिवाय नियम मोडला की नाही हे ठरवणारे कोण, तर सरकारचेच अधिकारी. जानेवारी २०१६ च्या पठाणकोट हल्ल्याच्या वार्तांकनावरून त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये एनडीटीव्ही इंडिया ही वाहिनी एक दिवस बंद ठेवण्याचा आदेश निघाला. आपण दिलेली माहिती आधीच अधिकाऱ्यांनी सांगितलेली आणि वृत्तपत्रांत आलेली होती, असे वाहिनीचे म्हणणे होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि सरकारने आदेश स्थगित केला. याच्या शेजारी मे २०२५ ठेवून पाहा. ‘ऑपरेशन सिंदूर’च्या काळात, कराची बंदर उद्ध्वस्त झाले इथपासून कितीतरी धादांत खोट्या गोष्टी वाहिन्यांवरून देशाला सांगितल्या गेल्या. हवाई हल्ल्याचा भोंगा स्टुडिओतल्या चर्चेमागे इतका वाजवला गेला की, असे भोंगे वाजवू नका, खऱ्या भोंग्याला लोक दाद देणार नाहीत, असे नागरी संरक्षण खात्याला वाहिन्यांना सांगावे लागले. सरकारला सोयीचे असलेले खोटे आणि गैरसोयीचे असलेले खरे यांना एकाच तराजूत तोलायची तयारी नसेल, तर तो तराजू मंत्रालयाकडे ठेवून चालणार नाही.

फ्रान्समध्ये हे काम वेगळ्या हातांत होते. जानेवारी २०१५ च्या पॅरिसमधल्या हल्ल्यांनंतर तिथल्या प्रसारण नियामक मंडळाने वाहिन्या आणि रेडिओंच्या ३६ चुका नोंदवून ताकिदी आणि नोटिसा दिल्या. त्या मंडळावर वाहिन्यांनी टीका केली आणि त्या टीकेतही अर्थ होता, पण निर्णय घेणारे मंडळ गृहमंत्र्याच्या कार्यालयात बसत नव्हते. आपल्यालाही असे मंडळ हवे, ज्याच्या नेमणुका आणि निर्णय दोन्ही मंत्रालयाच्या आवाक्याबाहेर असतील. नियम छोटा हवा: वर सांगितलेल्या तीनच गोष्टी थांबवायच्या, त्या त्या ठिकाणची कारवाई संपेपर्यंतच थांबवायच्या, आणि ठरावीक तासांनंतर मुदत वाढवायची असेल तर सरकारने मंडळापुढे कारण द्यायचे. त्या बदल्यात सरकारवरही बंधन हवे: पहिल्या तासापासून घटनास्थळाभोवती कडे, आणि दर तासाला स्थानिक भाषेत बोलणारा, प्रश्न घेणारा जबाबदार अधिकारी. थांबवलेले चित्रण वाहिन्यांनी जसेच्या तसे जपायचे आणि चौकशी करणाऱ्यांना, न्यायालयांना व प्रेक्षकांना खुले करायचे.

आणि त्या मंडळावर न्यायाधीश, संपादक, पोलीस यांच्याबरोबर एक तरी माणूस असा असावा, जो कधी काळी बंद दाराआड लपून बसला होता. त्याच जानेवारी २०१५ मध्ये हल्लेखोर पॅरिसजवळच्या एका छापखान्यात शिरले, तेव्हा तिथला एक कर्मचारी आठ तास सिंकखालच्या कपाटात अंग चोरून बसला होता. हल्लेखोरांना त्याचा पत्ता नव्हता आणि बाहेर फ्रान्सच्या रेडिओ-टीव्हीवर, आत कोणी तरी लपले आहे, असे सांगितले जात होते. त्याच दिवशी शहरातल्या एका ज्यू किराणा दुकानात काही गिऱ्हाइके तळघरातल्या शीतगृहात जीव मुठीत धरून होती आणि एका वृत्तवाहिनीने शीतगृहाचा उल्लेख थेट करून टाकला. त्यांतले काही जण वाचल्यावर माध्यमांविरुद्ध न्यायालयात गेले. त्या दुपारी बातमी द्यावी की थांबावी, हे ठरत असताना त्यांच्या बाजूने बोलायला त्या वृत्तकक्षात कोणीही नव्हते.